धुक्यातील अवतरण आणि खासगी विमानाची मान्यता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
दाट धुक्यात वा मुसळधार पावसात विमान उतरविणे हा वैमानिकाच्या कौशल्याचा विषय मानला जातो. वस्तुतः तो मान्यतेचाही विषय आहे. छोट्या खासगी विमानाला अशी मान्यता कोणत्या तत्त्वावर द्यावी, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मान्यतेचे स्वरूप :
उपकरणाधारित अवतरणाच्या पहिल्या श्रेणीत निर्णय-उंची किमान २०० फूट व धावपट्टीवरील दृश्यमानता किमान ५५० मीटर लागते. दुसऱ्या श्रेणीत या मर्यादा अनुक्रमे १०० फूट व ३०० मीटर इतक्या खाली येतात. मात्र त्यासाठी विशेष मान्यता आवश्यक ठरते. अमेरिकेतील नियमांनुसार अशा वैमानिकास रात्रीच्या उड्डाणाचे ५०, उपकरणाधारित उड्डाणाचे ७५ व दूरपल्ल्याचे २५० तास पूर्ण करून प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. ही मान्यता सहा महिन्यांनी संपते. मंद वेगाच्या छोट्या विमानांना विमान व उपकरणांविषयीच्या काही अटींतून तेथे सूट मिळू शकते. मात्र मोबदला घेऊन प्रवासी वा माल नेता येत नाही.

चिकित्सा :
सुटीमागील तर्क निराधार नाही. तीन अंशांच्या उतारावर ९० नॉट वेगाचे विमान शेवटचे १०० फूट सुमारे साडेबारा सेकंदांत उतरते. १४० नॉट वेगाच्या जेटला जेमतेम आठ सेकंद मिळतात. परंतु मोबदल्याची अट नैतिकदृष्ट्या अपुरी आहे. खासगी विमानातील पाहुणा, कर्मचारी वा कुटुंबीय भाडे देत नाही. म्हणून त्याने धोका जाणून स्वीकारला, असे ठरत नाही.

दुसरी मर्यादा जमिनीवरची आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये कमी दृश्यमानतेमुळे शिर्डीची विमानसेवा अनेक दिवस खंडित झाली. तेथे येणारी विमाने व वैमानिक उपकरणाधारित अवतरणास सक्षम होते. विमानतळावर तशी यंत्रणा नव्हती. मान्यता वैमानिकाच्या खिशात असली, तरी धावपट्टी ती मानेलच असे नाही.

तिसरा मुद्दा आकड्यांच्या विश्वासार्हतेचा. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट ४५ विमान उतरताना धावपट्टीबाहेर गेले. त्यात आठ जण होते. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्या वेळी मुसळधार पाऊस होता व दृश्यमानता ७०० मीटर नोंदली गेली होती. हा आकडा पहिल्या श्रेणीच्या मर्यादेहून अधिक होता. म्हणजेच किमान मर्यादा ही सुरक्षिततेची हमी नव्हे. ती केवळ प्रयत्नाची परवानगी होय.

निष्कर्ष :
छोट्या विमानास मान्यता सरसकट नाकारणे अन्यायाचे ठरेल आणि केवळ वेग पाहून ती देणे अविचाराचे. विमान, वैमानिक व धावपट्टी या तिन्हींची एकत्रित परीक्षा व्हावी आणि विमानातील प्रत्येकाची सुरक्षितता, त्याने भाडे दिले असो वा नसो, समान मानली जावी. उतरण्याची परवानगी देणाऱ्या व्यवस्थेने परत फिरण्याचा निर्णयही तितकाच सन्माननीय ठरविला, तरच त्या मान्यतेला अर्थ प्राप्त होईल.