कमल देसाई : आपल्या, पण न वाचलेल्या

सीमाभागात साहित्याचा कार्यक्रम म्हटला की प्रास्ताविकात नावांची एक यादी हमखास वाचली जाते. या मातीने मराठीला कोणकोण दिले त्यांची ती यादी. गेली काही वर्षे तीत एक नाव न चुकता ऐकू येते ते कमल देसाईंचे. नाव उच्चारले जाते, टाळ्या पडतात आणि वक्ते पुढच्या नावाकडे वळतात. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. परंतु त्यांची पुस्तके आपल्यापैकी किती जणांनी हाती धरली, हा प्रश्न मला अलीकडे स्वस्थ बसू देत नाही. म्हणून या अंकाच्या निमित्ताने थोडे लिहावे म्हणतो. मी काही समीक्षक नव्हे. आळंदसारख्या गावात हयातभर मराठी शिकवलेला एक वाचक आहे, एवढेच ध्यानात घेऊन वाचकांनी हे वाचावे.

कमल देसाईंचा जन्म १९२८ सालचा, बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी तालुक्यातील यमकनमर्डीचा. त्या वेळी यमकनमर्डी मुंबई इलाख्यात होते आणि आमचे आळंद निजामाच्या राज्यात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत दोन्ही गावे दोन वेगळ्या वाटांनी एकाच म्हैसूर राज्यात आली. त्या अर्थाने त्या आणि आम्ही एकाच घरात उशिरा येऊन राहिलेली भावंडे. त्यांनी मराठीचे अध्यापन केले आणि लेखन अगदी मोजके केले. १९६२ चा ‘रंग’ हा कथासंग्रह, १९६३ ची ‘रात्रंदिन आम्हा युद्धाचा प्रसंग’, पुढे १९७५ मध्ये एकाच पुस्तकात आलेल्या ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या दोन लघुकादंबऱ्या, शेवटच्या टप्प्यात ‘रंग-२’. एका फळीच्या कोपऱ्यात मावेल इतकाच हा संसार. २०११ साली त्या गेल्या.

हे लेखन कोठून आले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि पांढरपेशा महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही शिरूरकर कोण, याचाच शोध सुरू झाला. शिकलेल्या, मिळवत्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलीच्या मनात काय चालते ते त्या पुस्तकाने उघडपणे सांगितले होते. त्या म्हणजे माहेरच्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. आमच्यापासून फार दूर नसलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, ज्यांना सरकारने गुन्हेगार जमाती ठरवले होते अशा लोकांत त्यांनी काम केले आणि त्या अनुभवातून १९५० ची ‘बळी’ ही कादंबरी आली. मालतीबाईंच्या लेखनात समाज स्पष्ट दिसतो. कोणी कोणावर अन्याय केला, कोणत्या रूढीने कोणाचा गळा आवळला, ते बोट ठेवून दाखवता येते.

कमल देसाईंकडे आल्यावर हे बोट ठेवणे अवघड होऊन बसते. त्यांच्या बाईवरही अन्याय होतो, पण अन्यायाची तक्रार करून ती थांबत नाही. मी कोणाची मुलगी, कोणाची बायको, कोणाची आई हे सगळे उतरवून ठेवल्यावर जी काही उरते ती मी कोण, असे ती विचारते. असा प्रश्न विचारायचा तर वाडा, माजघर, तुळशीवृंदावन या ओळखीच्या नेपथ्यात राहून भागत नाही. म्हणून त्यांची कादंबरी वास्तवाची रीत सोडून स्वप्नाच्या, प्रतीकाच्या वाटेने जाते. आशयाने मागणी केली म्हणून रूप बदलले आहे. केवळ नवसाहित्याची हवा होती म्हणून हे झाले असे मानणे मला अन्यायाचे वाटते.

१९६३ हे साल मराठी वाचकाला आठवते ते ‘कोसला’साठी. पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ती कादंबरी एका पिढीचा आवाज ठरली. ती योग्यतेनेच ठरली, याबद्दल माझा वाद नाही. मात्र त्याच वर्षी, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या एका बाईची कादंबरी आली होती. घरापासून, जगापासून तुटलेपण तिच्या लेखनाच्याही केंद्राशी होते. आपण त्या तरुणाच्या तुटलेपणाला ‘पिढीचे’ म्हटले आणि बाईच्या तुटलेपणाला ‘बायकांचे’ म्हटले, किंवा दुर्बोध म्हणून बाजूला सारले. दोन पुस्तकांची थोरवी मोजण्यासाठी मी हे लिहीत नाही. तराजू धरणारा हात आपला होता, एवढेच नोंदवतो.

त्या कादंबरीचे शीर्षक तुकोबांच्या अभंगातले आहे हे वाचकांना सांगायला नकोच. बाहेरच्या जगाशी आणि आतल्या मनाशी एकाच वेळी चाललेली लढाई हा त्या अभंगाचा विषय. येथे आळंदच्या माणसाला एक गोष्ट सुचल्यावाचून राहत नाही. तुकोबांनी आपली गुरुपरंपरा सांगताना ज्या राघवचैतन्यांचे नाव घेतले, त्यांची समाधी आमच्या गावातच, लाडले मशायख दर्ग्याच्या आवारात आहे, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्या झऱ्यातून हे शीर्षक आले त्याचा उगम आमच्या अंगणातला. असे असून ते पुस्तक आम्हाला परके वाटले! संताची लढाई आपण टाळ वाजवून ऐकतो. तीच लढाई एक एकटी बाई आपल्या खोलीत बसून लढू लागली की मात्र आपल्याला ती विक्षिप्त वाटते. तुकोबांना निदान विठ्ठल होता. या बाईला लढाईच्या शेवटी कोण भेटणार, याची हमी लेखिका देत नाही. तिच्या आधुनिकतेचे मर्म मला या हमी न देण्यात दिसते.

‘काळा सूर्य’ हे नावच पाहा. सूर्य प्रकाश देतो, आपण त्याला अर्घ्य देतो. तोच काळा असेल तर? ज्याच्याकडे पाहून दिशा ठरवायची तेच अंधाराचे मूळ निघाले तर माणसाने कोणीकडे तोंड करावे? श्रद्धा, परंपरा, सत्ता यांच्याविषयीची एवढी मोठी शंका दोन शब्दांत सामावली आहे. ‘हॅट घालणारी बाई’ हे शीर्षक वरवर गमतीचे वाटते. आपल्याकडे बाईच्या डोक्यावर पदर असतो, पाण्याची घागर असते, सरपणाची मोळी असते. हॅट असते ती साहेबाच्या डोक्यावर. ती बाईने घातली की आधी हसू येते, मग राग येतो आणि शेवटी, वाचक प्रामाणिक असेल तर, आपल्याला राग का आला असे त्याला स्वतःलाच विचारावे लागते. एका साध्या वस्तूची जागा बदलून एवढे साधणे हे सोपे काम नव्हे.

दुर्बोधतेचा आरोप मात्र सरसकट झटकून टाकता येणार नाही. कधीकधी त्यांचे प्रतीक माणसाला झाकून टाकते. आपण बाईच्या दुःखापाशी पोहोचू पाहतो तेव्हा कल्पनेचा पडदा मध्ये येतो. पोट, जात, शेत, पाऊस या गोष्टींनी आमच्याकडची आयुष्ये बांधलेली असतात, त्यांचा वास या लेखनाला कमीच येतो. १९७८ ला दया पवारांचे ‘बलुतं’ आल्यानंतर तर हा उणेपणा अधिक जाणवू लागला. हे सर्व मान्य करूनही माझे मत असे की, ज्या एकाकीपणाविषयी त्या लिहितात तो पुण्या-मुंबईची मक्तेदारी नाही. हे मला पुस्तकातून कळले नाही. ते एका विद्यार्थिनीने मला शिकवले.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या कपाटातली पुस्तके मी मुलांना घरी वाचायला देत असे. शाळा सोडून घरी बसलेली, लग्न ठरत नाही म्हणून घरच्यांच्या बोलण्याला विटलेली एक मुलगी अधूनमधून येऊन पुस्तक नेई. एकदा तिने ‘हॅट घालणारी बाई’ काढले. मी म्हणालो, “हे ठेव बाई, तुला झेपायचं नाही. मलाच झेपलं नाही.” खरे म्हणजे मी ते वीस पानांपलीकडे वाचलेच नव्हते. तिने ऐकले नाही. आठवड्याने परत आली, पुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “सर, सगळं कळलं न्हाई. पण एक इचारू? ही बाई कुणाचीच कुणी न्हाई. अशी बाई पुस्तकात चालती का?”

मी काहीतरी मोघम उत्तर दिले. पुस्तकात काहीही चालते, असे काहीसे. तिच्या चेहऱ्यावर जे आले होते त्याला मी उत्तरच दिले नव्हते. ‘पुस्तकात चालते का’ असे तिने विचारले, पण तिला विचारायचे होते ते ‘गावात चालेल का’. पुढे दोन महिन्यांत तिचे लग्न होऊन ती दूर गेली. त्या रात्री मी ते पुस्तक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. दुर्बोध पुस्तक एका अर्धवट शिकलेल्या मुलीला आरपार कळले आणि मराठीच्या मास्तराला ते कळले नाही, ही बोच मी अजून बाळगून आहे.

आमच्या भागातला वाचक दोन भाषांत जगतो, म्हणून आणखी एक तुलना करतो. कन्नडमधल्या त्रिवेणी याही १९२८ च्याच. मानसशास्त्राच्या पदवीधर. बाईच्या मनाचे आजार, संसारातली घुसमट हा त्यांच्या कादंबऱ्यांचा विषय. १९६३ साली, म्हणजे कमल देसाईंची कादंबरी आली त्याच वर्षी, त्या अकाली गेल्या. त्यांच्या ‘शरपंजर’वर पुट्टण्णा कणगालांनी १९७१ मध्ये काढलेला चित्रपट आमच्याकडच्या मराठी घरांतल्या बायकांनीही डोळे पुसत पाहिला. बाळंतपणानंतर मनाचा तोल गेलेली आणि पुन्हा बरी झालेली बाई. पण घर तिला बरी मानायला तयार नाही. त्रिवेणी घराच्या आतून लिहितात म्हणून त्या घराघरांत पोहोचल्या. कमल देसाईंची बाई उंबरा ओलांडून गेलेली असते, म्हणून तिच्या मागे जायला फारसे कोणी निघाले नाही. दोघींचे दुखणे मात्र एकाच गावचे आहे. दोन्ही भाषा येणाऱ्या आपण ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली नाहीत, तर दुसरे कोण वाचणार?

बाहेरच्यांनी मात्र वाचले. हैदराबादच्या सुझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा जो मोठा इंग्रजी संग्रह केला, त्याच्या १९९३ च्या दुसऱ्या खंडात कमल देसाईंची ‘तिळा बंद’ ही कथा आहे. १९९९ मध्ये सुखमणी रॉय यांनी त्यांच्या दोन्ही लघुकादंबऱ्या इंग्रजीत नेल्या. ‘तिळा उघड’ म्हटले की गुहेचे दार उघडते, हे आपण लहानपणी ऐकलेले. या लेखिकेने ‘तिळा बंद’ म्हटले. दार आतून लावून घेतलेल्या बाईला हाक मारायची तर बाहेरच्याला तिचा शब्द माहीत असावा लागतो. तो शब्द शोधण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत.

सीमेचा प्रश्न आपल्याला प्राणाहून प्यारा आहे आणि तो असावाही. पण भाषेवरचा हक्क नकाशाने मिळतो तसा वाचनानेही मिळवावा लागतो. पुढच्या कार्यक्रमात यादीतले कमल देसाईंचे नाव वाचण्याआधी संयोजकांनी त्यांच्या कथेची दोन पाने वाचून दाखवावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. टाळ्या कमी पडल्या तरी चालतील. मागच्या रांगेत बसलेली एखादी मुलगी घरी जाताना विचारील, अशी बाई चालते का म्हणून. त्या वेळी तिला मोघम उत्तर देऊ नये.