हिरव्या पृथ्वीतून गाळलेला माणूस

पर्यावरण हा विषय चित्रस्पर्धेला दिला की कोणती चित्रे येणार, हे आता कागद उलगडण्यापूर्वीच सांगता येते. अश्रू ढाळणारी पृथ्वी, अर्धे हिरवे आणि अर्धे वाळलेले झाड, दोन तळहातांवर उगवलेले रोपटे, आणि कोपऱ्यात कोणाच्याही हातात नसलेला झाडू. यात मुलांचा दोष नाही. बक्षीस कशाला मिळते, हे मुले फार लवकर शिकतात. दोष आहे तो निकषांचा, आणि निकष निरागस नसतात हे दलित साहित्याच्या वाचकाला निराळे सांगायला नको. आमची कविता प्रचारकी आहे, तिच्यात कला कमी आणि आक्रोश जास्त, असे एके काळी ऐकवले गेले. ह्या स्पर्धांत मात्र 'संदेश' हाच पहिला निकष असतो. म्हणजे कलेने प्रचार करण्याला प्रस्थापितांची हरकत नव्हतीच. प्रचार कोणाचा, एवढीच हरकत होती.

अशा स्पर्धा आता थोड्या नाहीत. ऊर्जा संवर्धनावरची शालेय मुलांची राष्ट्रीय चित्रकला स्पर्धा केंद्र सरकारने २००५ साली सुरू केली. तीत शाळेतून राज्यात आणि राज्यातून दिल्लीस अशा पायऱ्या ठेवल्या. २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण आले आणि नगरपरिषदांच्या भिंती रंगू लागल्या. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्य शासनाने 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. त्याची मांडणी भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश ह्या पंचमहाभूतांवर आहे, आणि चित्रांचे विषयही मग त्याच साच्यातून पडू लागले.

ह्या साच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. जल हे महाभूत आहे असे म्हटले की पाण्याला इतिहास उरत नाही. ते सर्वांचे होते, आहे आणि राहील, असा भास होतो. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ह्याच पाण्याला धर्म होता, जात होती. त्यानंतर सवर्णांनी तळे शुद्ध करून घेतले ते कशाने? गोमूत्राने आणि शेणाने. माणसाच्या स्पर्शाने पाणी प्रदूषित होते आणि जनावराच्या मलमूत्राने ते शुद्ध होते, हा ज्या समाजाचा प्रदूषणविचार, त्या समाजातल्या मुलाला आपण 'जलप्रदूषण' हा विषय देतो आणि तो कारखान्याचा पाइप काढतो. पाइप खोटा नाही. पण गावाबाहेरची विहीर त्याच्या चित्रात कधीच येत नाही. चित्रातल्या गावाला वड असतो, पार असतो, कळशी घेतलेल्या बाया असतात, वस्ती नसते. खेड्याविषयी बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत जे कठोर शब्द वापरले, त्याच खेड्याचे हे गोजिरवाणे रूप होय.

यवतमाळ जिल्ह्यात राहून मी हे लिहितो आहे, म्हणून इथलेच उदाहरण घेतो. २०१७ सालच्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली आणि तिच्यात पाठीवर पंप घेऊन शिरलेली माणसे विषबाधेने पडली. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यांत भरती झाली, कित्येकांच्या डोळ्यांना दिसेनासे झाले. त्यांत लहान शेतकरी होते, तसे रोजाने फवारायला गेलेले भूमिहीनही होते. फवारा मारणारा हात आणि सातबाऱ्यावरचे नाव नेहमी एकाच माणसाचे नसते. पीडितांनी २०२० साली सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. ह्या जिल्ह्याच्या पर्यावरणाविषयी काढायचे चित्र यापेक्षा मोठे कोणते?

ते एका मुलाने काढले होते. तालुक्याच्या एका गावी तीन परीक्षकांत मीही होतो. स्पर्धा कोणाची, हे सांगण्याचे कारण नाही. सगळीकडे असेच चालते. चित्रात हिरवा रंग कागदभर होता, इतका की श्वास कोंडावा. मधोमध पंप अडकवलेली पाठ आणि वळलेला चेहरा, त्यात डोळ्यांच्या जागा कोऱ्या. मी त्याला सर्वात जास्त गुण दिले. दुसरे परीक्षक म्हणाले, रेखाटन कच्चे आहे. ते खरे होते, आणि त्यावर वाद घालता आला असता. तिसरे म्हणाले, हा विषय शेतीचा आहे, पर्यावरणाचा नाही, आणि चित्र नकारात्मक आहे. ह्या वाक्यावर मात्र वाद संपतो, कारण इथे चित्राचे परीक्षण उरतच नाही. पृथ्वीने रडलेले चालते. तिच्यावर राबणारा आंधळा झालेला दाखवला की ते नकारात्मक. पहिले बक्षीस तळहातावरच्या रोपट्याला गेले, हे वाचकांनी ओळखले असेलच.

ऊर्जेच्या विषयाचेही असेच. दिवा मालवणारे मूल हे हमखास चित्र. वणीकडे उकणी, कोलारपिंपरी, राजूर ह्या कोळसाखाणींच्या भागातले मूल हेच चित्र काढते, कारण घोषवाक्य तसे असते. पंखा बंद करण्याची जबाबदारी त्याच्यावर. अंगणात बसणाऱ्या काळ्या धुळीची जबाबदारी कोणावर, हे विचारायला त्या कागदावर जागा नसते. आणि वाघ! नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगाव भागात अवनी वाघीण मारली गेली. शहरांतून निषेध झाला, तिची चित्रे निघाली. तिच्याशी ज्या तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला, त्यांचे चित्र कोणी काढले? वाघीण मारायला नको होती असे मलाही वाटते. पण करुणेचीही एक उतरंड असते.

यावर आपल्यातलेच काही मित्र म्हणतात की खरे पर्यावरणवादी आपणच होतो. मेलेले ढोर ओढून कातडे कमावणे, अंबाडीचे दोर, शिंदीचे झाडू, काहीच वाया न घालवणे. हेही मला मान्य नाही. ज्या कामात आपल्याला निवड नव्हती, त्याला आज 'टिकाऊ जीवनशैली' म्हणून गौरवणे म्हणजे गुलामीला प्रशस्तिपत्र देणे आहे. ढोरे ओढू नका, हे बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेतच सांगितले. कोलामांच्या वाट्याला हेच 'निसर्गाची लेकरे' हे बिरूद आले आहे. चित्रात त्यांना जागा मिळते ती वारली आकृत्यांची किनार म्हणून. वारली चित्रे पालघर-डहाणूकडची. इथे कोलाम, गोंड, प्रधान, आंध राहतात. पण परीक्षकाला आदिवासी म्हणजे पांढऱ्या रेघांचा नाचणारा माणूस एवढेच ठाऊक.

वेगळे पाहता येतच नाही, असे नाही. नागपूरच्या सवी सावरकरांच्या चित्रांत गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य येतो, मेलेली गाय येते. त्या गाईला वंदन नाही आणि त्या श्रमाचा गौरवही नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. कचरा कोणाच्या अंगावरून वाहतो, हे त्यांत दिसते. आणि पैशाच्या जगातही कधी परीक्षक डोळे उघडतात. जिनिव्हाच्या एका बँकसमूहाने २००८ साली शाश्वततेच्या विषयावर 'प्री पिक्टे' हे छायाचित्रणाचे पारितोषिक सुरू केले. २०२३ साली त्याचा विषय 'मानव' होता आणि ते गौरी गिल यांना राजस्थानच्या वाळवंटातल्या माणसांच्या छायाचित्रांसाठी मिळाले. बँकेचा पैसा कोठून येतो हा प्रश्न उरतोच. तरी दुष्काळाचे चित्र म्हणजे भेगाळलेली जमीन नव्हे, तर त्या जमिनीवर जगणारी बाई, एवढे त्या परीक्षकांना कळले.

आपल्या शाळाशाळांतून शिक्षक कार्यकर्ते आहेत. पुढचे परिपत्रक येईल तेव्हा त्यांनी मुलांना घोषवाक्य देऊ नये. तुझ्या घरी पाणी कोठून येते, कोण आणते, गल्लीतला कचरा कोण उचलतो आणि तो कोठे राहतो, एवढे विचारावे आणि कागद द्यावा. परीक्षकांत एक जागा रोजाने फवारणाऱ्यासाठी किंवा घंटागाडीवरच्या बाईसाठी मागावी. मागणी नाकारली गेली तर नाकारल्याचे लेखी घ्यावे. आणि जी चित्रे बाद होतील ती फेकू न देता १४ एप्रिलला विहारात, समाजमंदिरात दोरीवर लावावीत. परीक्षकांनाही बोलवावे, चहा आपण देऊ.