सुभेदार सीतारामाचें आत्मवृत्त : मूळ पोथीवांचून साक्ष

अवधमधील ब्राह्मण शिपाई सीताराम पांडे याचें आत्मवृत्त सत्तावन सालावर लिहिणारे लेखक इतक्या वेळां उतरून घेतात कीं, त्याची मूळ पोथी संशोधकांच्या हातीं कधींच आलेली नाहीं, या गोष्टीचा विसर पडतो. ती आपणांस इ. स. १८६१ त मिळाली असें कर्नल नॉर्गेट सांगतात. त्यांचें इंग्रजी भाषांतर १८७३ त लाहोरास छापलें. तेव्हां ज्यास आपण शिपायाची वाणी म्हणतों, ती प्रत्यक्षांत नॉर्गेटसाहेबांची लेखणी होय.

ग्रंथाप्रमाणें सीताराम १८१२ त कंपनीच्या बंगाली फौजेंत शिरला व १८६० त निवृत्त झाला. मधल्या काळांत नेपाळचें युद्ध, पेंढाऱ्यांवरील मोहीम, भरतपूरचा वेढा, अफगाणिस्तान, शिखांशीं झालेलीं युद्धें आणि सत्तावनचा उठाव हीं सर्व त्यानें पाहिलीं. एका माणसाच्या वाट्यास एवढें येणें अशक्य नाहीं. परंतु तें फार सोयीचें आहे खरें. मुंबई सैन्याचा इतिहास लिहिणारे सर पॅट्रिक कॅडेल यांनीं १९५९ त या वृत्ताच्या अस्सलपणाविषयीं शंका घेतल्या, त्या अजून पुरत्या फिटलेल्या नाहींत.

आमचा संशय पलटणींच्या क्रमांकांपेक्षां मतांवरून अधिक बळावतो. जुने साहेब शिपायांत मिसळत, नवे मिसळत नाहींत. फटक्यांची शिक्षा बंद झाल्यापासून शिस्त ढिली पडली. केवळ वयाच्या क्रमानें बढती मिळत असल्यामुळें सुभेदारी हातीं येते तों माणूस म्हातारा होतो. हीं मतें शिपायाचीं असूं शकतील, पण नॉर्गेट यांच्या पिढीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचींही तींच होतीं. भाषांतरकाराच्या मनांतलें जेथें लेखकाच्या तोंडीं येतें, तेथें तो पुरावा दुसऱ्या आधारावांचून घेऊं नये.

उलट, साहेबाच्या कामाचा नाहीं असा मजकूर आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो. पाठचिकित्सेंत सुगम पाठापेक्षां दुर्गम पाठ ग्राह्य धरतात, तोच हा न्याय. अफगाणिस्तानांत कैद होऊन गुलामगिरींत पडलेला सीताराम परत येतो, तों आपले लोकच त्यास बाहेर ठेवतात. जातींत येण्यास पैसा मोजावा लागतो. सत्तावनच्या धामधुमींत देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्यांत त्याचा स्वतःचाच मुलगा निघतो. गोळ्या घालविण्याचें काम त्याच्याकडेच आलेलें असतें. तो अधिकाऱ्याची विनवणी करून त्यांतून सुटतो, आणि प्रेतावर संस्कार करण्याची परवानगी मिळवितो. मुलाचा अपराध खरा कीं खोटा, हा वाद बाप घालीत नाहीं. प्रेताची विटंबना होऊं नये एवढेंच तो पाहतो. हें सर्व कोणा इंग्रजानें रचलें असेल असें आमचें मन घेत नाहीं. खाली कोणा खऱ्या शिपायाचें कथन आहे, वर दुसऱ्या हाताचा थर आहे, असें आमचें मत आहे. त्या थराची जाडी मात्र इंग्रजी पुस्तकावरून मोजतां येत नाहीं.

ती कशी मोजतात हें गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथावरून दिसतें. वरसईच्या विष्णुभटांनीं सत्तावनची हकीकत लिहिली. चिंतामणराव वैद्यांनीं ती १९०७ त संस्कार करून छापली. मूळ बाड पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत सुरक्षित राहिलें, म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ त मूळाबरहुकूम प्रत काढतां आली. वैद्यांनीं कोठें हात फिरविला तें आज कोणासही ताडून पाहतां येतें. नॉर्गेट यांच्या बाबतींत ही सोयच नाहीं.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक धोका सांगणें अवश्य आहे. कर्नल फिलट यांनीं १९१० त इंग्रजीवरून ‘ख्वाब-ओ-खयाल’ या नांवाचें उर्दू भाषांतर केलें, आणि तें गोऱ्या अधिकाऱ्यांच्या भाषापरीक्षेस लागलें. अलीकडे मधुकर उपाध्याय यांनीं हेंच वृत्त अवधींतही उतरविलें आहे. तेव्हां सीतारामाच्या नांवाची उर्दू वा अवधी प्रत मिळाली एवढ्यावरून मूळ सांपडलें असें मानूं नये. प्रथम कागद व शाई पाहावी. मग वाक्यरचना इंग्रजीच्या वळणाची आहे काय तें पाहावें. आणि इंग्रजी पुस्तकांत नसलेला मजकूर तींत आहे काय, हें सर्वांत आधीं टिपून ठेवावें. अशी प्रत कोणाच्या संग्रहीं असल्यास तिच्या आरंभींच्या व शेवटच्या पानाची नक्कल संपादकांकडे पाठवावी.