मनोविकारतज्ज्ञ आणि संशोधन पदवी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापकांना पीएच.डी. ही नेमणूक व पदोन्नतीशी निगडित पदवी म्हणून परिचित आहे. वैद्यकशास्त्रातील स्थिती वेगळी आहे. एम.डी. झालेला मनोविकारतज्ज्ञ रुग्णसेवा करू शकतो व वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापनही करू शकतो. साहजिकच 'आता पीएच.डी. कशासाठी?' असा प्रश्न त्याला पडतो. प्रस्तुत लेखात या मनोवृत्तीचा परामर्श घेतला आहे.

विवेचन :
ही अनास्था केवळ आळसातून आली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एम.बी.बी.एस. व एम.डी. पूर्ण होईपर्यंत उमेदवार तिशीच्या घरात पोहोचतो. पुढे बाह्यरुग्ण विभागातील गर्दी त्याला उसंत देत नाही. शिवाय एम.डी.साठी प्रबंधिका अनिवार्य असली, तरी ती बहुधा परीक्षेची एक अट म्हणून लिहिली जाते. संशोधनाचा पहिलाच अनुभव असा उपचारापुरता असेल, तर दुसऱ्याची ओढ कोठून लागावी?

पदवीवाचूनही उत्तम संशोधन होऊ शकते, हा युक्तिवादही खरा आहे. तथापि, एकाच प्रश्नाचा अनेक वर्षे शिस्तीने पाठपुरावा करण्याची सवय रुग्णसेवेच्या धावपळीत आपोआप लागत नाही. या संदर्भात मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. विक्रम पटेल यांचे उदाहरण बोलके आहे. झिंबाब्वेतील हरारे येथे रुग्ण आपले दुःख कोणत्या शब्दांत सांगतात, याचा त्यांनी पीएच.डी.साठी अभ्यास केला. पुढे १९९६ मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था उभी राहिली. प्रशिक्षित सामान्य कार्यकर्ते नैराश्यग्रस्तांना मदत करू शकतात काय, हे तेथील आरोग्य केंद्रांत पडताळण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शासकीय केंद्रांत या पद्धतीचा लाभ दिसून आला. येथे पदवी ही अखेर नव्हती, आरंभ होता.

खानदेशात असे प्रश्न थोडे नाहीत. चोपडा तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा रुग्ण डॉक्टरांकडे येण्यापूर्वी भगताकडे का जातो? अहिराणी वा पावरी बोलणारा माणूस उदासीनता कोणत्या शब्दांत व्यक्त करतो? प्रमाण मराठीतील प्रश्नावली त्याच्यापर्यंत पोहोचते काय? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. चोपड्याला लागून असलेला मध्य प्रदेश त्यांत होता, गुजरातही होता. महाराष्ट्र मात्र नव्हता. तेव्हा आपल्या भागाची उत्तरे इतरांच्या आकड्यांतून मिळणार नाहीत.

समारोप :
पीएच.डी. सक्तीची करणे हा यावरील उपाय नव्हे. सक्तीने प्रबंधांची संख्या वाढते, जिज्ञासा वाढतेच असे नाही. हा अनुभव आपल्याही महाविद्यालयांना आहे. मनोविकारतज्ज्ञांना बोल लावण्यापूर्वी आपण आपल्या प्रबंधांकडे पाहावे, हे बरे. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून, तर जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ पासून कार्यरत आहे. धुळ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील मनोविकारतज्ज्ञ आणि आपल्या महाविद्यालयांतील मानसशास्त्र, समाजशास्त्र व मराठीचे अभ्यासक यांनी एकत्र बसून एखादा स्थानिक प्रश्न निवडावा. डॉक्टरांजवळ रुग्ण आहेत, आपल्याजवळ बोलींची व समाजाची जाण आहे. प्रश्न खरा असेल, तर पदवी त्याच्यामागून येईल.