गंगाजळी आणि प्रकल्प : कंपन्यांच्या विद्यासाहाय्याची परिभाषा

कंपन्यांनी शिक्षण, कला व संस्कृती ह्यांसाठी खर्च करावयाच्या द्रव्याविषयी आपल्याकडे जे बोलले व लिहिले जाते त्यात सामान्यतः दोनच सूर उमटतात. एक कृतज्ञतेचा, दुसरा संशयाचा. पहिला सूर समारंभात ऐकू येतो, दुसरा समारंभ संपल्यावर. दोहोंत चर्चा होते ती दात्याच्या हेतूची. हा प्रश्न आम्हांस फारसा फलदायी वाटत नाही. मुंबईतील एकोणिसाव्या शतकाच्या दातृत्वामागे चीनशी चाललेला अफूचा व्यापार होता व कापसाचा सट्टाही होता. तरी त्यातून उभी राहिलेली कलाशाळा आणि विद्यापीठाचे ग्रंथालय आपण आजही वापरतो. विचार करावयाचा तो द्रव्य कोणत्या शब्दांनी बांधून येते ह्याचा. कारण शब्द येथे केवळ वर्णन करीत नाहीत. पैसा किती काळ टिकावा, कशावर खर्च व्हावा व त्याचा हिशेब कोणत्या मापाने व्हावा, हे सारे तेच ठरवितात.

२०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ठरावीक आकारापुढील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या निव्वळ नफ्याच्या सरासरीच्या किमान २ टक्के रक्कम दरवर्षी समाजकार्यावर खर्च करावी, असे त्याने सांगितले. मराठीत ह्याला 'सामाजिक दायित्व' म्हणतात आणि तो शब्द योग्यच आहे. परंतु संस्थांचे अहवाल, कोनशिला आणि आभाराची भाषणे ह्यांत त्याच रकमेस 'उदार देणगी' म्हटले जाते. दायित्व म्हणजे जे देणे लागते ते. देणगी म्हणजे जे देणे लागत नसता दिले जाते ते. हे दोन शब्द एकाच रकमेला लावणे म्हणजे सारा भरणाऱ्यास दानशूर म्हणण्यासारखे आहे. अर्थात ही तुलना पुरती जुळत नाही. सारा कोणावर खर्च होणार हे भरणारा ठरवीत नाही. येथे मात्र रक्कम सक्तीची असली तरी घेणारा निवडण्याची मुभा कंपनीस आहे. देणे सक्तीचे आणि निवड ऐच्छिक, अशा ह्या संमिश्र क्रियेस आपल्या भाषेत अजून नाव पडलेले नाही. ते पडलेले नाही म्हणूनच घेणारी संस्था संकोचाने वागते आणि देणारी कंपनी उपकाराच्या थाटात.

कायद्याच्या सातव्या परिशिष्टात खर्चास पात्र विषयांची यादी आहे. शिक्षणाचा उल्लेख तीत आरंभीच येतो. पुढे राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती ह्यांचे रक्षण येते आणि त्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू व कलाकृती ह्यांचा जीर्णोद्धार, सार्वजनिक ग्रंथालये, पारंपरिक कला आणि हस्तव्यवसाय ह्यांचा नामनिर्देश आहे. भाषा हा शब्द त्या यादीत नाही. साहित्य हाही नाही. परिशिष्टाचा अर्थ उदारपणे लावावा असे शासनाने सांगितलेले असल्यामुळे कोश, बोलीसंशोधन किंवा पाठसंपादन ह्यांना शिक्षणाच्या अथवा संस्कृतीच्या कलमाखाली बसविता येईल. ती बंदी नव्हे. पण यादीतील नामनिर्देशाचा कल पाहण्यासारखा आहे. वास्तू दिसते, कलाकृती दिसते, ग्रंथालयाचे दार दिसते. भाषेस मात्र उद्घाटनाची फीत बांधावी असे ठिकाण नसते.

तथापि खरी मेख यादीत नसून नियमांत आहे. २२ जानेवारी २०२१ पासून अंमलात आलेल्या सुधारणांनी दोन गोष्टी निश्चित केल्या. 'चालू प्रकल्प' म्हणजे ज्या आर्थिक वर्षी काम सुरू झाले ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपेक्षा अधिक न चालणारे काम, ही एक. दुसरी अधिक महत्त्वाची : कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत घातलेली रक्कम ह्या दायित्वाच्या हिशेबात धरली जाणार नाही, असा खुलासा ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने केला. भांडवली मत्ता उभारण्यास मात्र, काही अटींवर, मोकळीक आहे. म्हणजे इमारत चालते, गंगाजळी चालत नाही. गंगाजळी हा आपला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. देवघरात गंगेचे पाणी ज्या पात्रात राखून ठेवतात त्या पात्राचे नाव संस्थेच्या राखीव निधीस मिळाले. ते रोजच्या तहानेसाठी नसते, पण घरात नसून चालत नाही. नव्या नियमाने ते पात्र भरण्याचीच सोय काढून घेतली.

ह्याचा परिणाम विद्येच्या व्यवहारावर काय होतो हे पाहण्यासाठी पुण्यातीलच एक उदाहरण घेऊ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ मध्ये झाली. त्याच्या इमारतीस टाटा बंधूंचे साहाय्य होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी एक लाख रुपयांचे वचन दिले आणि १ एप्रिल १९१९ रोजी काम सुरू झाले. पुढे सरकारे, संस्थाने व विद्यापीठे ह्यांचे साहाय्य मिळत गेले. ह्या कामास आजची मोजपट्टी लावून पाहावी. १९१९-२० हे आरंभीचे वर्ष सोडले तर पुढील तीन वर्षे ३१ मार्च १९२३ रोजी संपतात. त्या वर्षी संस्थेजवळ दाखविण्यासारखे काय होते ? ना. बा. उत्गीकर ह्यांनी सिद्ध केलेली विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती १९२३ ची आहे. ती विद्वानांच्या अभिप्रायासाठी काढलेला नमुना होती, आणि त्या पर्वाची अंतिम आवृत्ती पुढे रघुवीर ह्यांनी संपादून १९३६ मध्ये निघाली. वि. सी. सुखटणकर ह्यांनी प्रमुख संपादकत्व स्वीकारले ते १९२५ मध्ये. पोथ्यांचे वंशवृक्ष लावण्याची जी रीत पुढे ह्या आवृत्तीचे वैशिष्ट्य ठरली, तिची प्रस्थापना त्यांच्या आदिपर्वाने केली आणि ते पर्व पुरे होण्यास १९३३ उजाडले. सुखटणकर १९४३ मध्ये गेले, श्री. कृ. बेलवलकर व नंतर प. ल. वैद्य ह्यांनी धुरा वाहिली. आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन् ह्यांच्या उपस्थितीत समाप्ती घोषित झाली. सत्तेचाळीस वर्षे लागली.

येथे मुद्दा केवळ दीर्घकाळाचा नाही. पहिल्या चार वर्षांत जे निघाले ते बाजूस ठेवण्याचे स्वातंत्र्य संपादकांस होते, हा खरा मुद्दा आहे. 'प्रकल्प' ह्या शब्दाच्या पोटात ठरलेला शेवट आणि ठरलेले फळ असते. चार वर्षांचे फळ पाचव्या वर्षी तात्पुरते ठरविणारा संपादक प्रकल्पाच्या भाषेत अपयशी होय. पाठचिकित्सेच्या भाषेत तोच प्रामाणिक होय.

दुसरे उदाहरण डेक्कन कॉलेजचे. त्याची परंपरा १८२१ मध्ये पुण्यात उघडलेल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत जाते. पेशवाईतील दक्षिणेचा पैसा विद्येकडे वळवून ती चालविण्यात आली होती. (त्याच दक्षिणेतील काही भाग मराठी ग्रंथांस मिळावा ही मागणी १८४९ मध्ये सुधारकांनी केली व तिच्यावरून पुण्यात मोठा क्षोभ झाला, भाषेचा वाटा मागावा लागणे हे काही आजचे नाही.) पुढे येरवड्याच्या इमारतीस जमशेटजी जिजीभाई घराण्याची देणगी मिळाली. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले तेव्हा माजी विद्यार्थी न्यायालयात गेले आणि त्या देणगीच्या न्यासाचा आधार घेऊन भांडले. १९३९ मध्ये संस्था पुन्हा उघडली, ती संशोधनसंस्था म्हणून. मरून गेलेल्या दात्याची अट जिवंत सरकारला बांधू शकली, कारण ती अट कायमची होती. त्या संस्थेत १९४८ मध्ये सुरू झालेला ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोश आजही चालू आहे. त्याच्या पहिल्या कित्येक खंडांस 'अ' हा एकच वर्ण पुरून उरला. अशा कोशाचा प्रस्ताव घेऊन एखाद्या कंपनीच्या समितीपुढे जाण्याची कल्पना करून पाहावी.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर दीर्घकाळ हाच गुण ठरेल आणि तसे ते मुळीच नाही. दीर्घ मुदतीच्या कामांत सुस्तीही पोसली जाते, हे आपल्या क्षेत्रातील कोणाही जाणत्यास सांगावयास नको. उलट अल्प मुदतीच्या पैशाने मोठे काम झाल्याचे उदाहरण आपल्याच विषयात आहे. १९५४ पासून सु. मं. कत्रे ह्यांच्या संचालकत्वाखाली डेक्कन कॉलेजात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने भाषाविज्ञानाचे वर्ग भरू लागले. अमेरिकेतील भाषावैज्ञानिक येथे शिकवावयास आले. काही थोड्या वर्षांच्या ह्या व्यवस्थेतून वर्णनात्मक भाषाविज्ञान ह्या देशात रुजले. आज आपल्या विभागांत जे शिकविले जाते त्याचा पुष्कळसा पाया तेथे आहे. तेव्हा मुदतबंद पैसा निष्फळ असतो असे नव्हे. तो फळतो तेव्हा खाली कोणीतरी कायमची जमीन राखलेली असते, इतकेच. रॉकफेलर प्रतिष्ठानला पुण्यात ग्रंथालय बांधावे लागले नाही, अध्यापकांची पदे निर्माण करावी लागली नाहीत. ती आधीच होती. आणि हेही विसरता कामा नये की ते प्रतिष्ठान स्वतः एका कायम निधीवर उभे होते. आजचा नियम जे करू देत नाही, त्यातूनच तो पैसा आला होता.

जमीन नसली म्हणजे काय होते ह्याचे प्रत्यंतर जून २०२४ मध्ये मुंबईत आले. टाटा समाजविज्ञान संस्थेत न्यासाच्या अनुदानावर नेमलेल्या ५५ अध्यापकांस व सुमारे ६० अन्य कर्मचाऱ्यांस सेवासमाप्तीच्या सूचना मिळाल्या. अनुदानाचे आश्वासन येताच दोन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. ते द्रव्य कलम १३५ चे होते असे आमचे म्हणणे नाही. पण प्रकल्पाच्या पैशावर अध्यापक नेमणे म्हणजे काय, हे त्या दोन दिवसांनी दाखविले.

परिभाषेतील आणखी एक शब्द 'लाभार्थी'. ज्या कंपनीचे दायित्व १० कोटींचे वा त्याहून अधिक आहे, तिने १ कोट व त्यावरील प्रकल्पांचे परिणाममापन त्रयस्थाकडून करवून घ्यावे असा नियम आहे. शाळेस बाके दिली तर मुले मोजता येतात. कोशाचा लाभार्थी कोण ? मोल्स्वर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. तो उघडणारा माणूस आजही आहे, आणि त्याच्या जन्मापूर्वी त्याची गणना करणे कोणत्याही त्रयस्थास शक्य नव्हते.

मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर पोथ्या, मोडी कागदपत्रे व बोली ह्यांविषयी उत्साह दिसू लागला. हा उत्साह कंपन्यांपर्यंत गेला तर कागदपत्रांची छायाचित्रे काढण्यास पैसा मिळेल, कारण ते काम नियमांच्या चौकटीत चपखल बसते : यंत्र ही मत्ता, पानांची संख्या हे फळ, तीन वर्षे ही मुदत. मोडी वाचणारा तयार करणे मात्र त्या चौकटीत बसत नाही. बोलींच्या पाहणीचेही तसेच. अ. मा. घाटगे ह्यांची बोलीविषयक पुस्तके १९६३ पासून निघू लागली, आणि डेक्कन कॉलेजने अलीकडे मराठी बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. दोहोंमागे राज्यशासनाचाच पैसा आहे. खाजगी उद्योगाचे द्रव्य ह्या बाजूस वळलेले फारसे दिसत नाही.

कायम निधीवरील बंदीमागे कारण नव्हते असे नाही. कंपनीने आपल्याच न्यासात रक्कम टाकावी, खर्च झाला म्हणून दाखवावा आणि पैसा जागचा हलू नये, ही पळवाट बुजविणे आवश्यकच होते. पण पळवाट बुजविताना वाट बुजली. विद्यापीठे, मान्यताप्राप्त संशोधनसंस्था व सार्वजनिक ग्रंथालये ह्यांच्या कायम निधीपुरता अपवाद करता येईल. दात्या कंपनीचा त्या संस्थेच्या कारभारात हात नसावा आणि व्याजाचा विनियोग दरवर्षी प्रसिद्ध व्हावा, एवढ्या दोन अटी त्यास पुरतील. मुंबई विद्यापीठातील विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने अशाच निधीवर चालली, रा. गो. भांडारकरांनी १८७७ मध्ये दिलेली व्याख्याने आपण अजून विद्यार्थ्यांस वाचावयास सांगतो.

कंपनी हा व्यवहार विद्येला परका आहे असे मानणाऱ्यांनी केतकरांची गोष्ट आठवावी. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी १९१६ मध्ये नागपूर येथे ज्ञानकोशासाठी मंडळ स्थापिले ते मर्यादित कंपनी म्हणूनच. कोणापुढे हात पसरण्याऐवजी त्यांनी भाग विकले, वर्गणीदार जमविले आणि २३ खंड काढले. 'माझे बारा वर्षांचे काम' ह्या १९२७ च्या पुस्तकात त्यांनी आपल्या मंडळाचा इतिहास लिहून ठेवला आहे. कंपन्यांच्या विद्यासाहाय्यावर आपल्या विभागांत जे प्रबंध व्हावयाचे असतील, त्यांतील एखादा ह्या पुस्तकापासून सुरू व्हावयास हरकत नाही.