‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ : पुन्हा एक वाचन

मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी नवऱ्याने व सासरच्यांनी केलेला छळ गुन्हा ठरवणारे ४९८-अ हे कलम दंड संहितेत आले होते. २०२४ पासून ती संहिताच बदलली. पुस्तक मात्र जुने झालेले नाही.

या पुस्तकाची चर्चा बहुधा नामदेव ढसाळांभोवतीच फिरते. ‘गोलपिठा’चा कवी, दलित पँथरचा सहसंस्थापक घरात असा वागला का? कुणी कवीचा बचाव करतो, कुणी त्याला पिंजऱ्यात उभा करतो. जिने हे सोसले आणि लिहिले ती बाई या वादात बाजूलाच राहते. आम्हाला हे वाचन अपुरे वाटते.

आपल्या समाजात हा विषय निघाला की दोन उत्तरे तयार असतात. बाहेरचे म्हणतात, हा मुसलमानांच्या घरातला रोग आहे. आतले म्हणतात, बोलू नका, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. हे पुस्तक दोन्ही उत्तरे खोटी ठरवते. वडील संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले कम्युनिस्ट शाहीर, नवरा क्रांतीची भाषा बोलणारा कवी. या घरात ना मौलवी होता, ना तलाकची धमकी. तरीही मार होता. याचा अर्थ, पुरोगामी विचार आणि तालीम आपोआप हात आवरत नाहीत.

लेखिका स्वतःला सोशिक देवी म्हणून रंगवत नाही, हे पुस्तकाचे मोठे बळ आहे. कोवळ्या वयातले प्रेम, त्यातला भ्रम, स्वतःचा संताप, सारे ती सांगते. ‘मग सोडून का नाही गेली?’ या आपल्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच मिळते. मूल आहे, हातात पैसा नाही आणि माया पुरती आटलेली नाही. निवेदन घाईचे आहे, काही ठिकाणी संताप प्रसंगावर मात करतो. पण ही घाई जिवावर बेतलेल्या माणसाची आहे, म्हणून आम्ही तिला दोष म्हणत नाही.

हे वाचताना आम्हाला कल्याणच्या आमच्या वर्गातली सहावीची एक मुलगी आठवली. तिचा गृहपाठ अचानक बंद झाला होता. अम्मीला बोलावले, तर मनगटावर निळा वळ. “गिर गई थी, टीचर,” ती म्हणाली. आम्हाला खरे कळले होते. तरी आम्ही “सब्र रखो” म्हणालो आणि हजेरीपट उघडला. बी.एड.ला मुलांचे मानसशास्त्र शिकलो होतो. त्या दिवशी त्यातले काही आठवले नाही. पुस्तक मिटल्यावर कळले की अशा घरात मारणारा एक असतो, पण पाहून गप्प बसणारे आपण पुष्कळ असतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. मारहाणीबरोबर शिवीगाळ, लैंगिक छळ, खर्चाला पैसे न देणे हीही त्यात हिंसाच आहे. बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. संरक्षण, खर्ची आणि मुलांचा ताबा ती न्यायदंडाधिकाऱ्याकडे मागू शकते. त्यातले चौथे कलम आम्हा शिक्षकांनी पाठ करावे असे आहे : हिंसा झाली, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही. महिलांसाठी १८१ हा क्रमांकही आहे.

मात्र त्या अम्मीला आधी विचारायला हवे : “आपा, घरी सुरक्षित वाटते का? काय केलेले चालेल?” तिला न विचारता उचललेले पाऊल तिच्यावरच उलटू शकते. पण विचारायचेच नाही, याला सब्र म्हणत नाहीत.

हे पुस्तक स्त्रियांनी वाचावे असे सारेच म्हणतील. आमची विनंती शेजाऱ्यांना, भावांना, मशिदीच्या विश्वस्तांना आणि आमच्यासारख्या शिक्षकांना आहे. या पुस्तकात आपण कुठे उभे आहोत, ते शोधत वाचावे.