पारदर्शक अलाइनर आणि पदव्युत्तर दंतशिक्षण : एक परीक्षण

पारदर्शक अलाइनर व संगणकीय ऑर्थोडॉन्टिक्स या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण दंतवैद्यांना कोणत्या स्वरूपात द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता अभ्यासक्रमाच्या तपशिलाचा वाटतो. वस्तुतः तो अधिक मूलगामी आहे. वेडेवाकडे दात व जबड्यांचे परस्परसंबंध सुधारणाऱ्या या शास्त्रात उपचाराचा निर्णय कोण घेतो, कोणत्या पुराव्याच्या आधारे घेतो, आणि तो चुकल्यास चूक कोणाच्या ध्यानात येते, या तीन गोष्टींची जाण जे शिक्षण देत नाही, ते कितीही अद्ययावत असले तरी अपुरेच म्हणावे लागेल.

आज हे शिक्षण मुख्यतः तीन वाटांनी मिळते. अलाइनर तयार करणाऱ्या कंपन्यांच्या अल्पकालीन कार्यशाळा ही पहिली वाट. खाजगी संस्थांचे काही महिन्यांचे प्रमाणपत्र-वर्ग ही दुसरी. आणि विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, म्हणजे आपल्याकडील तीन वर्षांचा एम. डी. एस., ही तिसरी. पहिल्या दोन प्रकारांवर सामान्यतः घेतला जाणारा आक्षेप असा की, त्यांत विद्येपेक्षा विक्रीला अधिक स्थान असते. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि तो पुरेसाही नाही.

या शास्त्राचा इतिहासच त्याला साक्ष आहे. दातांच्या विषम मिळणीचे आजही प्रमाण मानले जाणारे वर्गीकरण एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडले आणि १९०० मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथे ऑर्थोडॉन्टिक्सची स्वतंत्र शाळा काढली. ही शाळा विद्यापीठाच्या चौकटीबाहेरची होती. अँगल स्वतः उपकरणांचे निर्माते होते व त्यांच्या नावे अनेक पेटंटे होती. म्हणजे शिक्षक आणि उपकरणकर्ता एकच असण्याची परंपरा या विद्येच्या जन्मापासूनची आहे. तेव्हा आजच्या प्रशिक्षणातील उणीव केवळ व्यापारी संबंधात न शोधता अन्यत्र शोधली पाहिजे.

ती शोधण्यासाठी अलाइनरच्या पूर्वपीठिकेकडे वळणे इष्ट ठरते. १९४५ मध्ये हॅरॉल्ड केसलिंग यांनी दात स्थिर करणाऱ्या एका लवचिक साधनाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यासाठी प्लॅस्टरच्या साच्यातील दात करवतीने सुटे करून ते मेणात इच्छित स्थितीत पुन्हा बसवावयाचे आणि त्या मांडणीवरून साधन घडवावयाचे, अशी त्यांची रीत होती. अशा मांडण्या क्रमाक्रमाने बदलत नेल्यास दातांचे मोठे स्थानांतरही साधेल, असा तर्क त्यांनी त्याच वेळी केला होता. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने हीच कल्पना संगणकाच्या साह्याने व्यवहारात आणली आणि १९९८ मध्ये तिच्या साधनाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

कल्पना तीच राहिली, परंतु मांडणी करणारा हात बदलला. प्लॅस्टरचे दात मेणात बसविताना जागा कोठे अपुरी पडते, सुळा आत घेतला की उपदाढ कोठे अडते, हे विद्यार्थ्याच्या बोटांना समजत असे. आता मांडणी दूरस्थ तंत्रज्ञ व संगणकीय प्रणाली मिळून करतात आणि दंतवैद्याकडे ती तपासून मंजूर करण्याचे काम राहते. तपासणे हे करण्याहून सोपे असते, असा समज या प्रशिक्षणाच्या मुळाशी आहे. तो भ्रामक आहे. जे स्वतः कधी केलेले नाही, त्यातील दोष ओळखण्यास अधिक जाणकारी लागते.

शिवाय पडद्यावरील चित्रात काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार करावयास हवा. तोंडातील स्कॅनर दाताचा हिरडीवरचा भाग अचूक टिपतो. मुळे व त्यांभोवतीचे हाड त्याच्या कक्षेबाहेर राहते. दात सरकतो तो मात्र हाडातून. दाबाच्या बाजूस हाड झिजते व ताणाच्या बाजूस नवे हाड धरते, हे कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून १९०४ च्या सुमारास दाखविले. या जैविक प्रक्रियेला स्वतःची गती व मर्यादा आहे. पडद्यावर खालच्या पटाशीच्या दातांना ओठाकडे कितीही कलविता येते, कारण तेथे पातळ हाडाचा अडथळाच नसतो. एकेक अलाइनर दाताला सुमारे पाव मिलिमीटर सरकविण्याच्या हिशेबाने बनविलेला असतो. रुग्णाने तो दिवसातील २० ते २२ तास न लावल्यास तो हिशेब तेथेच कोलमडतो. पंचांगात पाऊस लिहिलेला असला, तरी शेत भिजते ते आभाळातूनच.

हा केवळ तर्क नव्हे. २००९ मध्ये क्रॅविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ रुग्णांच्या पुढच्या दातांची योजलेली व प्रत्यक्ष घडलेली हालचाल पडताळून पाहिली. योजलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच साध्य झाली होती. दात हिरडीतून बाहेरच्या दिशेने ओढण्याच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आले. २०२० मध्ये, नवे प्लॅस्टिक व नव्या युक्त्या प्रचारात आल्यानंतर, केलेल्या तशाच अभ्यासात सरासरी ५० टक्के निघाली. या आकड्यांवरून उपचारपद्धतीच त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल. नवे स्कॅन घेऊन अलाइनरची पुढील मालिका करता येते आणि बहुतेक वेळा ती करावीही लागते. परंतु पडद्यावरील अंतिम चित्र हे फलित नसून अनुमान आहे, एवढे यातून निर्विवाद सिद्ध होते. ज्या वर्गात केवळ उपचारापूर्वीची व नंतरची निवडक छायाचित्रे दाखविली जातात, तेथे नेमके हेच शिकविले जात नाही.

आणि येथेच संगणकीय पद्धतीचा खरा गुण दुर्लक्षित राहतो. मेणातील मांडणी काम होताच मोडली जाई. संगणकातील अनुमान जसेच्या तसे जतन राहते आणि फलिताशी ताडून पाहता येते. आपल्या भाकिताची अशी मोजणी पूर्वी कोणत्याही शिक्षकाला सहजी करता येत नव्हती. पदव्युत्तर शिक्षणाचा पाया हाच असावयास हवा. विद्यार्थ्याने कंपनीची मांडणी पाहण्यापूर्वी स्वतःची योजना लिहून काढावी. दोहोंतील भेदाचे कारण द्यावे. पहिली मालिका संपल्यावर नवे स्कॅन जुन्या अनुमानावर बसवून कोणता दात मागे राहिला व का, याची नोंद करावी. गोलसर सुळा फिरला नाही, तर दोष प्लॅस्टिकच्या पकडीचा, दातावर चिकटविलेल्या उंचवट्याच्या जागेचा, की रुग्णाच्या सवयीचा, हे त्याला सांगता आले पाहिजे. परीक्षेत यशस्वी रुग्णांइतकेच अपुऱ्या यशाच्या रुग्णांचे विवेचनही गुणांस पात्र असावे. तसेच तार व ब्रॅकेट यांची विद्या जुनी म्हणून कमी करता कामा नये. अलाइनर जेथे थांबतो, तेथे तिचाच आधार घ्यावा लागतो.

यावर असे म्हटले जाईल की, सामान्य दंतवैद्याला तीन वर्षे देणे शक्य नाही आणि लहान गावांतील रुग्णांना विशेषज्ञ सहज मिळत नाही. ही अडचण खरी आहे. परंतु अल्पकालीन वर्गाला उद्दिष्टही तसेच मर्यादित हवे: कोणता रुग्ण घ्यावा यापेक्षा कोणता घेऊ नये, हे त्याने आधी शिकवावे. दंतवैद्याची प्रत्यक्ष तपासणी वगळून घरपोच अलाइनर देणाऱ्या स्माइलडायरेक्टक्लब या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये व्यवहार बंद केला, तेव्हा अनेक रुग्णांचे उपचार अर्धवट राहिले. कंपनी बुडण्याची कारणे आर्थिक होती. पण बोट दाखवून जाब विचारावा असा वैद्य त्या रुग्णांसमोर नव्हता, ही गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे.

भारतात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्याच्या अनुषंगाने अभ्यासक्रमांची फेरमांडणी होईल, तेव्हा स्कॅनर व मुद्रणयंत्रे किती, याच्या मोजदादीत मूळ प्रश्न हरवू नये. पडद्यावर सरकणारे दात पाहून रुग्ण ते वचन समजतो. ते वचन नसून अनुमान आहे, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणे आणि त्या अनुमानाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेणे, ही दोन्ही कामे यंत्राची नव्हेत. त्यांसाठी दंतवैद्य तयार करणे हेच पदव्युत्तर शिक्षणाचे प्रयोजन होय.